४० तासांचा हट्ट कशाला?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

माझ्या मुलाला ऑटिझम आहे, आता आठ वर्षांचा. निदान झालं तेव्हा एका थेरपी सेंटरने सांगितलं आठवड्याला ४० तास एबीए (म्हणजे सांगितलेलं केलं की लगेच बक्षीस देत शिकवायची थेरपी) करा नाहीतर उशीर होईल. आता हा ४० चा आकडा आला कुठून, तर १९८७ च्या लोवास यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासातून, त्यात ४० तासांच्या गटात मुलं फक्त १९, त्यातली ९ साध्या शाळेत पहिली पास झाली, पण गट काही चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते आणि तेव्हा शिक्षाही करायचे, हे मात्र कोणी सांगत नाही.

दीड वर्ष केलं आम्ही. "इकडे बघ" म्हटलं की बघायचा आणि लगेच शेंगदाण्यासाठी हात पुढे, घरी आजीने हाक मारली तर ढिम्म! खोटं कशाला बोलू, टॉयलेट ट्रेनिंग मात्र एबीएनेच झालं.

मग एका ताईंनी टीच (TEACCH) पद्धत दाखवली, नॉर्थ कॅरोलिनात एरिक शॉप्लर यांनी सुरू केलेली, यात मुलाच्या मागे लागण्याआधी त्याच्या भोवतीची मांडणी बदलायची. बेसिनवर चार फोटो लावले, पेस्ट, ब्रश, चूळ, टॉवेल, काम झालं की फोटो 'संपलं'च्या डब्यात. रडारड थांबली, उलट डबा हलवला तर आम्हालाच ओरडा बसतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, पण शाळेत असा तक्ता लावा म्हटलं तर बाई म्हणतात वर्गात पन्नास मुलं आहेत हो. त्यांचंही बरोबरच. शिक्षकांना निदान दोन दिवसांचं ट्रेनिंग तरी द्या, तक्त्याचं लॅमिनेशन मी करून देतो.

- एक पालक, ठाणे