खोल समुद्रातला प्रत्येक चपटा मासा तळाशी पडून राहत नाही

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत खोल समुद्रातील जीवांविषयी आलेला लेख वाचनीय होता. मात्र चपटे मासे चिखलात अंग पुरून पडून राहतात आणि जवळ येईल ते गिळतात, हे त्यातील विधान सरसकट केलेले आहे. आणि सोबत ज्याचे छायाचित्र छापले आहे, त्या ग्रीनलंड हॅलिबटलाच ते लागू पडत नाही. प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली असल्यामुळे याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटले.

उत्तर अटलांटिक, आर्क्टिक आणि उत्तर पॅसिफिकच्या थंड पाण्यात हा मासा प्रामुख्याने ५०० ते १००० मीटर खोलीवर आढळतो, काही वेळा २००० मीटरपर्यंतही उतरतो. बहुतेक चपट्या माशांत वाढीच्या काळात एक डोळा सरकत दुसऱ्या बाजूला पूर्णपणे जातो. ग्रीनलंड हॅलिबटचा डावा डोळा मात्र कपाळाच्या कडेवरच थांबतो, त्यामुळे त्याला वरचे व दोन्ही बाजूंचे दिसते. शिवाय इतरांची खालची बाजू पांढरी असते, तर याची जवळजवळ वरच्या बाजूइतकीच काळपट असते. मोठा जबडा आणि अणकुचीदार दात यांची भर घातली, की हे शरीर तळ सोडून पाण्यात पोहत पाठलाग करणाऱ्या शिकाऱ्याचे आहे हे स्पष्ट होते.

त्याचा आहारही तेच सांगतो. लहान वयात तो कोळंबी, अँफिपॉडसारखे छोटे कवचधारी जीव आणि लहान माकूळ खातो. अंग भरत जाते तसा कॅपेलिन, ध्रुवीय कॉड, रेडफिश अशा माशांकडे वळतो. यांपैकी कॅपेलिन तर तळाशी राहणारा मासाच नव्हे. नॉर्वेकडील समुद्रात मोठ्या हॅलिबटांच्या पोटात मासेमारी जहाजांवरून फेकलेली माशांची मुंडकी व आतडीही सापडली आहेत. म्हणजे आयते मिळाले तर तोही सोडत नाही, एवढ्यापुरते लेखकाचे म्हणणे मान्य करता येईल.

लेखातील वर्णन खरे तर पॅसिफिकमधील डोव्हर सोलला अधिक शोभते. तोही हजार मीटरच्या खाली आढळतो, पण त्याचे तोंड लहान असते आणि दात मुख्यतः तळाकडच्या बाजूला असतात. चिखलातले कृमी, छोटे शिंपले आणि तारामाशांचे सडपातळ हातांचे भाऊबंद हे त्याचे अन्न. अर्थात तोही वाट पाहत पडून राहत नाही, तर चिखल धुंडाळत हिंडतो.

या माहितीचा आधार काय, हेही लेखात यायला हवे होते. पोट उघडून पाहणे ही जुनी रीत. पचलेल्या माशाची जात त्याच्या कानातील खड्यांवरून ओळखता येते. पण ग्रीनलंड हॅलिबटची पोटे मोठ्या प्रमाणावर रिकामीच निघतात आणि जाळ्यात अडकल्यावर त्याने तिथलीच कोळंबी गिळलेली असू शकते. म्हणून आता स्नायूंमधील नायट्रोजनच्या जड व हलक्या समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे, प्रमाणही तपासतात, त्यावरून गेल्या काही महिन्यांत तो अन्नसाखळीच्या कोणत्या पायरीवर जेवत होता याचा अंदाज येतो.

आपले कोल्हापूर मटणाचे गाव असले, तरी घाट चढून येणारी मासळी इथेही आवडीने खाल्ली जाते आणि लेप हा चपटा मासा तर अनेकांच्या ओळखीचा आहे. उथळ समुद्रातील हा लेप चिखलातले कृमी व बारीक जीव खातो. कोकण किनाऱ्यावरील भाकस मात्र मोठ्या तोंडाचा, मासे पकडून खाणारा असून त्याचाही एक डोळा डोक्याच्या कडेपाशीच असतो. पुढील लेखात छायाचित्राखाली माशाच्या नावासोबत त्याची खोली आणि मुख्य भक्ष्यही द्यावे आणि वरील विधानाची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
राजारामपुरी, कोल्हापूर