घरचे श्रोते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला ‘सॉफ्ट पॉवर’वरचा लेख वाचला. मासुंदा तलावाकाठी सकाळी आमचा जो कट्टा जमतो, तिथे त्यावरून दोन दिवस वाद चालला, म्हणून हे पत्र. लेखकाने ‘मृदू शक्ती’ असा प्रतिशब्द वापरला आहे. साबणाच्या जाहिरातीतला वाटतो, पण असो. धाक आणि पैसा बाजूला ठेवून दुसऱ्याला आपल्याकडे ओढण्याची ताकद, असा काहीसा अर्थ अमेरिकन अभ्यासक जोसेफ नाय यांनी १९९० मध्ये मांडला होता. लेखाचा एकूण सूर असा की, संकटकाळी ज्या सरकारला आपली गोष्ट नीट सांगता येते, जग त्याच्या बाजूने झुकते. मला हे अर्धेच पटते.

सांगण्याचे कसब लागते, यात वाद नाही. लहानपणी आजोळी देवळात कीर्तने ऐकली. बुवा आधी गाव बघत आणि मग उत्तररंगातले आख्यान ठरवत. रशियाने हल्ला केल्यावर मार्च २०२२ मध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांनी देशोदेशींच्या संसदांपुढे हेच केले. लंडनला चर्चिलची आठवण येईल असे शब्द, अमेरिकेला पर्ल हार्बर आणि ११ सप्टेंबर, जर्मनीला बर्लिनची भिंत. इस्रायलमध्ये मात्र अंदाज चुकला. ज्यूंच्या वंशसंहाराशी केलेली तुलना तिथल्या काही खासदारांना चांगलीच झोंबली. तरीही एकंदरीत लोकांनी ऐकले, कारण आख्यानाच्या आधी एक कृती होती. २५ फेब्रुवारीच्या रात्री हा माणूस राजधानी कीव्हच्या रस्त्यावर सहकाऱ्यांना घेऊन उभा राहिला आणि मोबाइलवर म्हणाला, आम्ही सगळे इथेच आहोत. पळून जाऊन परदेशातल्या हॉटेलातून तीच भाषणे केली असती, तर कोणी उभे राहून टाळ्या वाजवल्या असत्या का?

चीनचे उदाहरण लेखात ओझरते आले आहे. कोरोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, बेलग्रेडच्या विमानतळावर चिनी मदतीचे विमान उतरले आणि सर्बियाच्या अध्यक्षांनी चिनी झेंड्याचे चुंबन घेतले. चित्र जगभर गेले. त्याच महिन्यात स्पेनने सदोष निघालेले चिनी चाचणी संच परत पाठवले आणि नेदरलँड्सने लाखो मास्क माघारी मागवले. एका मालाने दुसऱ्या चित्रावर बोळा फिरवला.

आता आपल्याकडचे. इतर देशांना कोरोनाची लस पुरवण्याची ‘व्हॅक्सिन मैत्री’ २० जानेवारी २०२१ ला सुरू झाली, पहिल्या लसी भूतान आणि मालदीवला गेल्या. दोनच दिवसांनी ब्राझीलच्या अध्यक्षांनी द्रोणागिरी उचलून नेणाऱ्या हनुमानाचे चित्र टाकून आभार मानले. तो दिवस मला आठवतो. निवृत्त शिक्षिका असूनही मी ते चित्र दहा जणांना पाठवले. अभिमान वाटला, आजही त्याची लाज वाटत नाही. सहा कोटींहून अधिक डोस बाहेर गेले. त्यातले सुमारे एक कोटी भेट होते, बाकीचे विक्रीचे आणि गरीब देशांना लस पोहोचवणाऱ्या ‘कोव्हॅक्स’ या आंतरराष्ट्रीय योजनेतले. ‘भेट किती आणि विक्री किती’ हा साधा हिशेब घरी कोणी ठळकपणे सांगितला नाही. मग दुसरी लाट आली, निर्यात थांबली, आणि मे महिन्यात यजमानांच्या दुसऱ्या डोससाठी मी पहाटे साडेपाचला ठाण्यातल्या एका केंद्राबाहेर उभी होते. नऊ वाजता पांढरा कागद चिकटवला गेला: ‘आज लस उपलब्ध नाही.’ १३ मे रोजी कोव्हिशील्डच्या दोन डोसमधले अंतर बारा ते सोळा आठवडे झाले. त्यामागे शास्त्रीय कारणे दिली गेली होती, ती खरीही असतील. पण रांगेतल्या प्रत्येकाने अर्थ लावला तो तुटवड्याचाच. मागे उभी असलेली एक बाई म्हणाली, “मावशी, आपला हनुमान ब्राझीलहून परत यायचाय अजून.” सगळे हसले. मीही हसले. तोवर चांगली रंगलेली गोष्ट त्या हसण्यात संपली.

लस पाठवायला नको होती, असे मला म्हणायचे नाही. कट्ट्यावर माझ्या बोलण्याचा तोच अर्थ काढला गेला, म्हणून इथे लिहून ठेवते. मला एवढेच म्हणायचे आहे की परदेशासाठी लिहिलेल्या गोष्टीचे पहिले श्रोते घरचे असतात, आणि त्यांना आतली बाजू दिसत असते.

याउलट वळिवडे घ्या. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या या छावणीत दुसऱ्या महायुद्धात परागंदा झालेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यात बायका आणि मुलेच जास्त. तेव्हा याला कोणी सॉफ्ट पॉवर म्हटले नव्हते. पोलंडमध्ये मात्र आठवण टिकली. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींनी तिथे जाऊन आदरांजली वाहिली. २०२२ मध्ये युक्रेनमधून निघालेल्या आपल्या विद्यार्थ्यांना पोलंडने व्हिसाशिवाय आत घेतले, तेव्हा हा जुना धागा अनेकांनी पुन्हा काढला.

आपल्या जिल्ह्यातल्या उल्हासनगरप्रमाणेच त्या छावणीतही पुढे सिंधी निर्वासित आले आणि तिचे गांधीनगर झाले. आमच्या कट्ट्यावरचे एक कोल्हापूरकर वर्षानुवर्षे तिथून लग्नाचे कापड आणतात. पोलिश मुलांचे त्यांनी परवा माझ्याकडून पहिल्यांदा ऐकले. आपला एखादा बातमीदार तिकडे पाठवता आला तर पाहा. ते दिवस आठवणारी माणसे आता नव्वदीच्या आसपास असतील.

आपली,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (पश्चिम)