रविवारची गळफेरी : वेळ बदलली आहे

मंडळी, येत्या रविवारी सातला नव्हे, पहाटे साडेपाचला रायबंदरच्या फेरी धक्क्यावर जमायचं. मे महिन्यात ऊन चढलं की उथळ पाणी तापतं, त्यातला प्राणवायू घटतो आणि चोणक (जिताडा मासा) खोल सावलीत जाऊन बसतो. मग भाजते ती फक्त आपली पाठ.

मानशीजवळ (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ) गळ नको, तिथल्या मासळीची पावणी (लिलाव) झालेली असते.

मोठा चोणक लागला तर सोडायचा. हा मासा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो; म्हणजे थोरली ती अंड्यांची. हात ओले करून, पोटाखाली आधार देऊन धरा. कल्ल्याच्या झाकणाला ब्लेडसारखी धार असते (माझा अंगठा साक्षीला आहे). तापल्या धक्क्यावर निजवून फोटो काढायचे नाहीत. टोपी, पाणी आपापलं.