हृदय मिळाल्यानंतरची लढाई

ग्रीन कॉरिडॉरमधून, म्हणजे वाहतूक थांबवून मोकळ्या केलेल्या रस्त्याने, हृदय वेळेत पोहोचल्याची बातमी पहिल्या पानावर येते, ते योग्यच. त्यानंतरचे मात्र कुठे छापून येत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या यजमानांचे हृदय प्रत्यारोपण झाले. घरी आल्यावर औक्षण केले, पेढे वाटले. दोन महिन्यांनी बायोप्सीत (हृदयाचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत) दिसले की शरीर नवे हृदय नाकारू लागले आहे. त्यांना तर काहीच त्रास जाणवत नव्हता! पुन्हा रुग्णालय, स्टेरॉइडचे मोठे डोस, त्याने वाढलेली साखर, सुजलेला चेहरा, रात्ररात्र जागरण. ‘बरे झाले होते ना?’ हा प्रश्न तेव्हा फार लागायचा. पहिल्या वर्षात असे होऊ शकते आणि बहुतेकदा औषधांनी आटोक्यात येते, हे आधी नीट कळले असते तर आम्ही इतके खचलो नसतो.

आता ते चालतात, पण सावकाश सुरुवात करून. शस्त्रक्रियेत मज्जातंतू तुटलेले असल्याने नव्या हृदयाचे ठोके श्रमाबरोबर लगेच वाढत नाहीत. शरीराने हृदय नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस या औषधाच्या गोळ्या घड्याळ लावून, जन्मभर.

दिल्लीच्या एम्स रुग्णालयात ३ ऑगस्ट १९९४ रोजी देशातील पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण झाले. म्हणून त्या दिवशी अवयवदान दिन असतो. यंदा त्यानिमित्त अशा रुग्णांच्या पुढच्या वर्षांवरही लिहावे. आणि या गोळ्या, रक्तातील त्यांच्या पातळीची तपासणी जिल्हा रुग्णालयांत मोफत मिळावी, ही सरकारला कळकळीची विनंती.

– एक वाचक, ठाणे