ताईच्या पेन्शनबद्दल

प्रिय मन्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. फोनवर सांगून निम्मं विसरशील म्हणून लिहितोय, ताईला नीट वाचून दाखव.

दाजी बेपत्ता झाले म्हणून ताईच्या पेन्शनचं विचारलं, तर त्यांच्या ऑफिसातल्या क्लार्कने "सात वर्षांनी या" सांगितलं ना, ते साफ चूक आहे. दाजी केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि तिथल्या पेन्शन नियमांत बेपत्ता कर्मचाऱ्याच्या घरच्यांची वेगळी सोय आहे. पोलिसात तक्रार नोंदवून सहा महिने झाले आणि शोध घेऊनही माणूस सापडला नाही असा पोलिसांचा रिपोर्ट हातात आला की फॅमिली पेन्शनचा अर्ज करता येतो, आणि ती तक्रारीच्या तारखेपासून किंवा पगार, रजेचा पगार जिथवर मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, यातलं जे नंतरचं असेल तिथून धरतात. सोबत एक हमीपत्र, की उद्या हे परत आले तर दिलेले पैसे त्यांना मिळायच्या रकमेतून वळते करून घ्या. म्हणजे बघ, माणूस परत येऊ शकतो हे सरकारनेच कागदावर मान्य केलंय, ताईला "ते गेले" असं कुठे लिहून द्यायचं नाही. मंगळसूत्र काढणार नाही म्हणून ती अर्जच करत नसेल तर तिला एवढं तरी सांग. थकलेला पगार, रजेचे पैसे, जीपीएफ (म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधी) हेही आत्ता मिळतं, ग्रॅच्युइटीचा निवृत्तीच्या हिशोबाचा भाग आत्ता आणि मृत्यूच्या हिशोबाने होणारा वरचा फरक नंतर.

सात वर्षांचं प्रकरण वेगळं. ते जुन्या 1872 च्या पुराव्याच्या कायद्यातलं कलम 108, आता 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 111. ज्यांना एरवी खबर लागलीच असती त्यांना सात वर्षं काहीच कळलं नाही, तर हरवलेला माणूस जिवंत आहे हे सिद्ध करायचं ओझं जिवंत म्हणणाऱ्यावर पडतं. पण सात वर्षं भरली म्हणून माणूस आपोआप मयत होत नाही, लोकांना तसंच वाटतं, त्यासाठी दिवाणी कोर्टात जाऊन डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूम, आणायची आणि मग मृत्यूच्या दाखल्याचं बघायचं. तुझे शेजारी केदारनाथचं उदाहरण देतात, पण 2013 चा तो महापूर होता, तिथे सरकारने बेपत्ता लोकांसाठी खास नियम शिथिल केले होते. घरातून सकाळी चालत निघून गेलेल्या माणसाला ते लागू नाही रे.

आता खरी काळजी एलआयसीची. सुप्रीम कोर्टाने 2004 मध्येच सांगितलंय की सात वर्षांनी मृत्यू गृहीत धरता येतो, मृत्यूची तारीख नाही. म्हणजे माणूस ज्या दिवशी घरातून निघून गेला त्याच दिवशी वारला असं म्हणून क्लेम करता येत नाही, आणि मधे हप्ते बंद करून पॉलिसी लॅप्स झाली तर सगळंच अडकतं. नवरा नाही, पगार नाही, आणि त्याच्याच विम्याचे हप्ते भरत बसायचं, मला हे क्रूर वाटतं, पण भरायचे, पेन्शन सुरू झाली की त्यातूनच.

बँकेतल्या छोट्या रकमेला प्रत्येक वेळी कोर्ट लागतंच असं नाही, सात वर्षांनंतर एका मर्यादेपर्यंत एफआयआर, पोलिसांचा रिपोर्ट आणि हमीपत्रावर बँक देऊ शकते, मर्यादा ज्या त्या बँकेची.

आधी पोलिसांच्या रिपोर्टची नक्कल घे. अर्ज लेखी दे, वर आवक शिक्का मारून घे, तोंडी नाही. आणि पॉलिसीचा शेवटचा हप्ता कधी भरलाय ते ताईला आजच विचार, पावतीचा फोटो पाठव.

तुझा,
बंड्या