बाद झालेल्या सिद्धांतांचे आकडेही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विज्ञान पुरवणीतील कालबाह्य सिद्धांतांवरचा लेख वाचला. विषय उत्तम, मांडणी मात्र नेहमीचीच: पूर्वी लोक अमुक मानत, मग एक थोर शास्त्रज्ञ आला, त्याने एक प्रयोग केला आणि सगळ्यांचे डोळे उघडले. असे वाचले की दोन समज पक्के होतात. एक, जुनी माणसे भोळसट होती. दुसरा, आजचे विज्ञानही उद्या असेच मोडीत निघणार. दोन्ही चुकीचे आहेत आणि दोन्हींचे मूळ एकच: लेखात कुठेही मोजमाप नाही. सिद्धांत कुठवर जमत होता आणि कुठे, कितीने चुकत होता हे सांगितल्याशिवाय तो का टिकला नि का गेला, हे कळायचे कसे?

फ्लॉजिस्टनला लेखात जेमतेम दोन ओळी मिळाल्या. जळताना पदार्थातून फ्लॉजिस्टन नावाचे द्रव्य निघून जाते, असे अठराव्या शतकात बहुतेक रसायनज्ञ मानत. हे आज हास्यास्पद वाटते, पण त्याने काय काय जुळत होते ते पाहा. कोळसा जळून चिमूटभर राख उरते, म्हणजे तो जवळजवळ सगळा फ्लॉजिस्टनच. धातू तापवला की त्याचे भस्म होते, म्हणजे धातूतला फ्लॉजिस्टन गेला. तेच भस्म कोळशाबरोबर तापवले की धातू परत मिळतो, कारण कोळशाने आपला फ्लॉजिस्टन त्याला दिला. बंद बरणीतली मेणबत्ती विझते, कारण आतली हवा फ्लॉजिस्टनने भरून गेली. जळणे, गंजणे आणि धातू गाळणे या एकाच प्रक्रियेच्या बाजू आहेत, हे या सिद्धांताने ओळखले होते, आणि ते आजही खरे आहे. फक्त बाणाची दिशा उलटी होती: पदार्थ फ्लॉजिस्टन सोडत नव्हता, हवेतला ऑक्सिजन घेत होता.

अडचण होती वजनाची. भस्म मूळ धातूपेक्षा जड भरते, हे फ्लॉजिस्टन मानणाऱ्यांनाही ठाऊक होते. मग तेवढ्यावरच सिद्धांत का पडला नाही? कारण वजन वाढण्याचे दुसरे कारण सापडल्यासारखे वाटत होते. रॉबर्ट बॉइलने काचपात्रात कथील घालून तोंड बंद केले, पात्र तापवले, मग तोंड फोडले. हवा सूं करून आत शिरली. त्यानंतर त्याने वजन केले, तर ते वाढलेले. 1673 मध्ये त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केला की अग्नीचे कण काचेतून आरपार जाऊन धातूला चिकटतात. साधने ठीक होती, हातही सफाईदार होता. चूक होती ती पायऱ्यांच्या क्रमात. 1774 मध्ये फ्रेंच रसायनज्ञ लाव्हाझिएने तोच प्रयोग केला, पण पात्र उघडण्याआधी वजन केले. तिळमात्र फरक नव्हता, म्हणजे बाहेरून अग्नीचे कण आलेले नव्हते. मग तोंड उघडले, हवा आत गेली आणि वजन वाढले. ही वाढ कथिलाच्या वजनातल्या वाढीइतकीच होती. आतल्या हवेचा काही भाग कथिलाने घेतला होता आणि ती जागा बाहेरच्या हवेने भरून काढली होती.

पुढचा धक्का पाऱ्याने दिला. पाराच का, हे लेखांत कधी सांगत नाहीत. बहुतेक धातूंच्या भस्मातून धातू परत मिळवायचा तर कोळसा लागतो, आणि कोळसा आला की फ्लॉजिस्टनला पळवाट मिळते. पाऱ्याचे भस्म मात्र नुसते तापवले तरी पारा परत देते. मग फ्लॉजिस्टन आला कुठून? पाऱ्याच्या उत्कलनबिंदूच्या, म्हणजे 357 अंश सेल्सियसच्या आसपास तो हवेत तापवत ठेवला तर लाल भस्म हळूहळू तयार होते. तेच भस्म 500 अंशांच्या आसपास नेले की मोडते. एकाच पदार्थावर प्रक्रिया पुढेही नेता येते आणि मागेही आणता येते. लाव्हाझिएने 4 औंस पारा 50 घनइंच हवेच्या संपर्कात 12 दिवस तापवला. हवा 42 ते 43 घनइंच उरली, तीत मेणबत्ती विझत होती. जमलेले 45 ग्रेन (वजनाचे जुने, बारीक माप) लाल भस्म वेगळे काढून जास्त तापवले, तेव्हा साडेएकेचाळीस ग्रेन पारा आणि 7 ते 8 घनइंच वायू मिळाला. जितकी हवा गेली होती, जवळपास तितकीच परत आली. आजच्या अणुभारांनी हिशेब केला तर 45 ग्रेन भस्मातून 41.7 ग्रेन पारा यायला हवा. सव्वादोनशे वर्षांहून जुन्या तराजूची ही कामगिरी आहे. मला विचाराल तर लाव्हाझिएच्या चित्रापेक्षा हे दोन आकडे शेजारी शेजारी छापायला हवेत.

आणि नायकही निर्दोष नव्हता. त्याच लाव्हाझिएने 1789 च्या आपल्या मूलद्रव्यांच्या यादीत ‘कॅलॉरिक’ म्हणजे उष्णतेचे द्रव्य घातले होते, आणि प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच असे त्याला वाटत होते. पैकी आम्लांची कल्पना 1810 च्या सुमारास हंफ्री डेव्हीच्या क्लोरीनवरील कामाने ढासळली. कॅलॉरिक त्यानंतरही बरीच वर्षे टिकला, आणि ते उगाच नव्हे. न्यूटनच्या सूत्राने शून्य अंश तापमानाच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 280 मीटर येतो, प्रत्यक्षात तो 331 आहे. दाबल्या गेलेल्या हवेचे तापमान वाढते हे हिशेबात घेऊन लाप्लासने ही तफावत मिटवली, तीही कॅलॉरिक मानूनच. वाफेच्या यंत्राच्या कार्यक्षमतेची कमाल मर्यादा फ्रेंच अभियंता कार्नोने 1824 मध्ये याच चौकटीत शोधली. चौकट गेली, मर्यादा आजही अभ्यासक्रमात आहे.

एकच युक्ती कधी जिंकते आणि कधी हरते, याचे नमुनेदार उदाहरण खगोलशास्त्रात आहे. युरेनस गणिताने सांगितलेल्या जागी दिसेना, तेव्हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिएने पलीकडे एक अज्ञात ग्रह असल्याचे गणित मांडले. 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री बर्लिनमध्ये खगोलशास्त्रज्ञ गाले याने दुर्बीण वळवली आणि नेपच्यून सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही गडबड दिसली. तिचा सूर्याजवळचा बिंदू, म्हणजे उपसूर्य बिंदू, दर शतकाला जितका सरकायला हवा त्याहून थोडा जास्त सरकत होता. 1859 मध्ये ल व्हेरिएने हा जादा भाग 38 विकला काढला. पुढच्या मोजणीत तो 43 विकला ठरला. एक अंश म्हणजे 3,600 विकला. म्हणजे हा फरक साठून एक अंश व्हायला सुमारे 8,400 वर्षे लागतील! ल व्हेरिएने पुन्हा तोच मार्ग धरला: बुधाच्या आत आणखी काही वस्तुमान असणार. या ग्रहाला ‘व्हल्कन’ नाव मिळाले, तो पाहिल्याचे दावेही झाले, अगदी 1878 च्या खग्रास ग्रहणातसुद्धा. ग्रह कुठेच नव्हता. नोव्हेंबर 1915 मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या गुरुत्व सिद्धांतातून, बुधासाठी वेगळी तडजोड न करता, नेमका 43 विकलांचा आकडा निघाला.

आता ‘न्यूटन खोटा ठरला’ या मथळ्याचा विचार करा. इतर ग्रहांच्या ओढीमुळे बुधाचा उपसूर्य बिंदू शतकात सुमारे 532 विकला सरकतो आणि हा भाग न्यूटनच्याच गणिताने येतो. उरले 43. त्या 43 साठी अवकाश आणि काळाची कल्पनाच बदलावी लागली, हे खरे. पण 532 जागच्या जागी राहिले. लेखकाने हे दोन आकडे दिले असते, तर आजचे सगळेच उद्या फेकून दिले जाईल ही भीती वाचकाला वाटली नसती.

काही वेळा तर आपण सिद्धांत पडण्याचे कारणच चुकीचे सांगतो. लॉर्ड केल्विनने 1862 मध्ये पृथ्वीचे वय 2 ते 40 कोटी वर्षांच्या दरम्यान काढले. पृथ्वी सुरुवातीला वितळलेली होती आणि तेव्हापासून थंड होत आहे असे धरून, जमिनीत खोल जाताना तापमान कसे वाढते त्यावरून हा हिशेब होता. आजचे मूल्य सुमारे 454 कोटी. किरणोत्सर्गाची उष्णता ठाऊक नव्हती म्हणून केल्विन चुकला, असे सर्रास लिहिले जाते. प्रत्यक्षात ती उष्णता त्याच्या हिशेबात घातली तरी उत्तर फारसे हलत नाही. खरी चूक 1895 मध्ये, किरणोत्सर्गाच्या शोधाच्या आदल्याच वर्षी, जॉन पेरीने दाखवली होती: पृथ्वीच्या पोटातून उष्णता फक्त वहनाने, म्हणजे स्थिर खडकातून कणाकणाने पुढे सरकत, येते हे गृहीतकच बरोबर नाही. आतला भाग अतिशय मंद का होईना, अभिसरणाने ढवळला जात असेल, तर खालून उष्णता सतत वर येत राहते आणि वय कित्येक पटींनी वाढते.

जर्मन शास्त्रज्ञ व्हेगेनरचे नाव हल्ली कोणत्याही भन्नाट दाव्याच्या बचावासाठी वापरले जाते: ‘त्यालाही हसले होते!’ हो, पण का? खंड सरकतात हे त्याने 1912 मध्ये मांडले, ते खरे निघाले. मात्र त्याने सुचवलेली बले खंड ढकलायला फारच तोकडी होती आणि ग्रीनलंड सरकण्याचा त्याचा वेग वर्षाला कित्येक मीटर होता. खरे वेग काही सेंटिमीटरच असतात. टीकाकारांचे हे आक्षेप रास्त होते. 1960 च्या दशकात सागरतळावरचे चुंबकीय पट्टे वाचता आले, तेव्हा सागरतळ पसरत असल्याचा पुरावा आला आणि मत बदलले.

पुरवणीत जागा कमी असते, हे मान्य. तरी अशा लेखाबरोबर एक चौकट द्यावी आणि तीत करून पाहण्याजोगा प्रयोग असावा. पाऱ्याची वाफ विषारी असल्याने तो प्रयोग शाळेत नको. त्याऐवजी 2-3 ग्रॅम बारीक स्टील वूल घ्यावे (स्टेनलेस नको, ते नीट जळत नाही), त्यावरचे तेल धुऊन पूर्ण वाळवावे, नाहीतर तेल जळून वजन घटते. मोकळे पिंजून ते चिनी मातीच्या फरशीवर पसरावे आणि फरशीसकट 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या तराजूवर ठेवावे. शिक्षकांनी 9 व्होल्टच्या बॅटरीची टोके टेकवली की ते धुमसत जळते. गार होईपर्यंत वजन वाचू नये, कारण वर चढणाऱ्या गरम हवेने आकडा कमी दिसतो. सगळे लोखंड फेरिक ऑक्साइड झाले तर वजन 43 टक्के वाढेल. प्रत्यक्षात वाढ बरीच कमी भरते, कारण आतले धागे अर्धवट जळतात आणि ठिणग्या फरशीबाहेर उडतात. दुसऱ्या तराजूवर जळती मेणबत्ती ठेवावी. तिचे वजन घटते, कारण कार्बन डायऑक्साइड आणि वाफ हवेत निघून जाते. फ्लॉजिस्टन मानणारे याच मेणबत्तीकडे बोट दाखवत असत.

आपला विश्वासू,
विज्ञानाचा एक अध्यापक