खाडीतला गनिमी कावा

ठाणे, रविवार

प्रिय विनू,

"गनिमी कावा म्हणजे घोडे आणि खिंडी, तुमच्या ठाण्याच्या चिखलात कुठला आलाय?" असं खिजवून लिहिलंयस, म्हणून मुद्दाम चिखलाबद्दलच लिहितो.

आमचं सेंट्रल जेल तू बाहेरून पाहिलंयस. तो मुळात पोर्तुगीजांचा किल्ला. 1534 च्या तहाने वसई त्यांच्याकडे गेली आणि हा सगळा मुलूख दोनशे वर्षं फिरंग्यांच्या अमलाखाली राहिला. 1737 मध्ये ठाण्याचा किल्ला अजून अर्धवटच बांधलेला होता. अशा खबरा पुण्याला कळवायच्या म्हणजे इथल्याच कुणीतरी जीव धोक्यात घालायला हवा. तो अंजूरच्या गंगाजी नाईकांनी आणि त्यांच्या भावांनी घातला, मालाडच्या अंताजी रघुनाथांनी घातला.

आणि खाडीचं म्हणशील, तर घोडा इथे काय कामाचा? पाणी ओसरलं की गुडघाभर गाळ, होडी रुतली की माणूस उघड्यावर. भरती कधी, उतार कुठे, तिवरांत काय दडेल, हे पुण्याच्या सरदाराला कोण सांगणार! मार्च 1737 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजा रात्री खाडी ओलांडून आल्या, तेव्हा वाट दाखवायला अंजूरकर होते. ठाणं पडलं. वसई पडायला मात्र मे 1739 उजाडला. मधल्या काळात, डिसेंबर 1738 मध्ये, ठाणं परत घ्यायला आलेला पेद्रो द मेलो इथेच तोफेच्या गोळ्याने मेला. म्हणजे एका रात्रीत सगळं आटोपलं, असं काही नव्हतं.

मला खरं कौतुक वाटतं ते त्या रात्रीआधीच्या वर्षांचं. तलवार उपसायची नाही, फिरंग्याला रोजचा रामराम घालायचा आणि आतून माणसं जोडत राहायचं. सरदार हुकूम देतो. नाईकांना विनवावं लागलं असणार, कारण समोरचा शिपाई नव्हता, शेजारी होता. एक जण फुटला तर भोगायचं अख्ख्या गावाने. पुणं मदत देईल याची खात्री तरी कुठे होती? आणि नाव झालं अप्पांचं! अप्पांचा मान मी कमी करत नाही, पण ठाण्यात दहा जणांना गंगाजी नाईक कोण म्हणून विचार, आठ जण तोंडाकडे बघतील.

दिवाळीत येतोयस ना? अंजूरला नाईकांचा वाडा आहे, जाऊ या. वहिनींना नमस्कार सांग. आणि एवढं मात्र मनापासून लिही: बायकापोरं गावात असताना तू त्या कटात शिरला असतास का? माझं उत्तर अजून ठरत नाहीये.

तुझा,
बाळ्या